गार्डला आधी काय शिकवायचं? बझरबीटरमधल्या ट्रेनिंगचा हिशोब

बझरबीटर खेळणाऱ्यांचा शुक्रवार वेगळा असतो. आठवडाभराचं ट्रेनिंग त्या दिवशी लागू होतं आणि कुठल्या पोराचं कुठलं कौशल्य एक पायरी वर चढलं ते दिसतं. चढलं नसेल तर पुढच्या शुक्रवारची वाट बघायची. गेल्या काही महिन्यांत या खेळाबद्दल आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यात निम्म्याहून जास्त एकाच वळणाचे आहेत : नवीन क्लब घेतलाय, दोन-तीन चांगले तरुण गार्ड हाती आहेत, त्यांना कुठलं ट्रेनिंग लावू?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बझरबीटर हा २००७ पासून चालू असलेला, ब्राउझरवर खेळायचा बास्केटबॉल मॅनेजमेंटचा खेळ. यात चेंडूला आपला हात लागत नाही. आपण क्लबचे मालक. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, तिकिटाचा दर लावायचा, खेळाडू लिलावात घ्यायचे-विकायचे आणि दर आठवड्याला एक ट्रेनिंग निवडायचं. खेळायला फुकट आहे, ज्याला जादा सोयी हव्यात तो वर्गणी भरतो. पैज लावायचा प्रकार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हापासून घरोघरचे आई-बाप मोबाइलवरच्या प्रत्येक खेळाकडे संशयाने बघू लागलेत, म्हणून सांगतो : त्या कायद्याची बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. इथे जातो तो वेळ. तो मात्र भरपूर जातो.

आता मुद्द्यावर. वर लिहिलंय ते परत वाचा : आठवड्याला एक ट्रेनिंग. प्रत्येक खेळाडूला वेगळं नव्हे, सगळ्या क्लबला मिळून एक. हंगाम १४ आठवड्यांचा असतो आणि हंगाम संपला की खेळाडूचं वय एका वर्षाने वाढतं. म्हणजे १८ वर्षांचं पोरगं २४ वर्षांचं होईपर्यंत तुमच्या हातात ८४ शुक्रवार. घड्याळाच्या वेळात हे दीड वर्षाहून जास्त होतं. आणि या ८४ मधले सुरुवातीचे जास्त मोलाचे, कारण लहान वयात कौशल्य झपाट्याने चढतं, वय वाढेल तसा वेग उतरत जातो. कॉस्टिंग शिकलेल्या माणसाला हे लगेच समजतं. पैसा परत मिळवता येतो, खेळाडू परत विकत घेता येतो, पण १८व्या वर्षाचा वाया गेलेला आठवडा कुठल्याच खात्यात परत जमा होत नाही.

गार्ड म्हणजे नक्की काय लागतं?

खेळात प्रत्येक खेळाडूला डझनभर कौशल्यं असतात. दिसणारी पातळी शब्दांत लिहिलेली असते, पण सगळे खेळणारे ती आकड्यातच बोलतात. ‘रिस्पेक्टेबल’ म्हणजे ७, ‘स्ट्राँग’ म्हणजे ८, ‘प्रॉमिनंट’ म्हणजे १०, असं. यातली सहा मुख्यतः गार्डची : जंप शॉट, जंप रेंज, आउटसाइड डिफेन्स, हँडलिंग, ड्रायव्हिंग आणि पासिंग. उरलेली रिंगखालची, म्हणजे इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स, रिबाउंडिंग, शॉट ब्लॉकिंग. शिवाय स्टॅमिना आणि फ्री थ्रो.

नवीन माणूस काय करतो? जंप शॉट आणि जंप रेंज यांच्या मागे लागतो. त्याचं कारणही उघड आहे. स्टीफन करीने २०१५-१६ च्या हंगामात ४०२ तीन-गुणी बास्केट मारले, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. आपल्यालाही तसाच एक हवा असतो. पण या खेळाचं इंजिन टीव्ही बघत नाही. ते प्रत्येक चढाईत हिशोब मांडतं : चेंडू सांभाळला का, समोरच्याला चकवून जागा मिळवली का, पास वेळेवर गेला का, आणि मग नेम. हँडलिंग कच्चं असेल तर चेंडू हातातून जातो, नेमाचा प्रश्नच येत नाही. ड्रायव्हिंग नसेल तर शॉट मिळतो पण अंगावर बचावपटू घेऊन. पासिंगचा फायदा ज्याचा त्याला कमी आणि दुसऱ्यांना जास्त, त्यामुळे आकडेवारीत तो पटकन दिसत नाही.

आणि या सगळ्यांच्या वर आउटसाइड डिफेन्स. माझं मत स्पष्ट आहे : गार्डचं एकच कौशल्य बघून त्याला विकत घ्यायचा झाला तर मी हेच बघेन. समोरच्या गार्डचा नेम बिघडवणं, त्याचे पास अडवणं, चेंडू चोरणं, सगळं यातून येतं. दोन्ही गार्ड बचावात कच्चे असले की समोरचा संघ बाहेरून धो धो मारतो आणि मग तुमचा सेंटर कितीही तगडा असला तरी तो फक्त रिंगखाली उभा राहून बघत राहतो. खऱ्या एनबीएतही जॉन स्टॉकटनच्या नावावर दोन विक्रम आहेत, १५,८०६ असिस्ट आणि ३,२६५ स्टील. पास देणं आणि चेंडू चोरणं. पोस्टरवर असा गार्ड कमी दिसतो, पण असा गार्ड असलेला संघ क्वचित ढासळतो.

मिनिटांचं गणित

ट्रेनिंग निवडलं म्हणजे झालं असं नाही. त्या खेळाडूने त्या आठवड्यात त्या जागेवर प्रत्यक्ष खेळायला हवं. पॉइंट गार्डचं ट्रेनिंग लावलंत आणि पोरगं स्मॉल फॉरवर्ड म्हणून खेळलं, तर त्याला काही मिळत नाही. पूर्ण ट्रेनिंगसाठी आठवड्यात ४८ मिनिटं लागतात, त्याहून कमी भरली तर त्या मानाने कमी लाभ.

मॅच ४८ मिनिटांची आणि आठवड्यात साधारण तीन मॅच. एका जागेची एकूण मिनिटं झाली १४४. भागिले ४८. म्हणजे एकट्या पॉइंट गार्डचं ट्रेनिंग लावलं तर तीन पोरं पूर्ण शिकतात, चौथ्याला जागा नाही. दोन जागांचं (पॉइंट गार्ड आणि शूटिंग गार्ड मिळून) लावलं तर २८८ मिनिटं, म्हणजे सहा पोरं. पण मग प्रत्येकाचा वेग कमी होतो. खेळ काही फुकट देत नाही.

इथे बरेच जण फसतात. सहा जणांना शिकवता येतंय म्हणून दोन जागांचं ट्रेनिंग लावतात आणि त्या सहापैकी खरे कामाचे दोनच असतात. उरलेल्या चार जणांवर वेग खर्ची पडतो. तुमच्याकडे दोन-तीनच चांगली पोरं असतील तर एका जागेचं घ्या. सहा खरोखर चांगली असतील तर दोन जागांचं. हा निर्णय आधी, कौशल्य कुठलं हा निर्णय नंतर. उलट क्रमाने जाणारे नंतर डोकं धरून बसतात.

मात्र सगळी कवायत दोन्ही प्रकारांत मिळत नाही. आउटसाइड डिफेन्स वाढवणारं ‘प्रेशर’ आणि ‘पासिंग’ ही एकट्या पॉइंट गार्डसाठी लावता येतात. ‘वन-ऑन-वन’ मात्र गार्डांच्या जोडीचं असतं. ते आठवडे आले की शूटिंग गार्डची जागाही शिकणाऱ्यांना द्यायची तयारी ठेवावी लागते.

मिनिटांची दुसरी बाजू म्हणजे ‘गेम शेप’, म्हणजे खेळाडूची त्या आठवड्याची तब्येत समजा. आठवड्यात साठ-सत्तरच्या आसपास मिनिटं खेळला की ती चांगली राहते. त्याहून फार वर गेलात की घसरते, अगदी कमी खेळवलंत तरी घसरते. इथे जागा कुठली ते बघितलं जात नाही, सगळी मिनिटं धरली जातात. एका मॅचला पॉइंट गार्ड म्हणून ४८ आणि दुसऱ्या मॅचला फॉरवर्ड म्हणून ४८ असा ९६ मिनिटं ताणलेला पोरगा शिकतो खरा, पण पुढच्या आठवड्यात निम्म्या दमाने खेळतो. सध्याचा सामना महत्त्वाचा नसेल तर चालतं. बाद फेरीच्या तोंडावर हे करू नये.

कुणाला शिकवायचं

वय सांगून झालं. दुसरं म्हणजे उंची. बुटका खेळाडू गार्डची कौशल्यं लवकर शिकतो आणि उंच खेळाडू रिंगखालची. १८५ सेंटीमीटरचा आणि २०० सेंटीमीटरचा, दोघेही आज सारखेच दिसत असले तरी हंगामाअखेर प्रेशरमध्ये त्यांच्यात फरक पडलेला असतो. मॅजिक जॉन्सन सहा फूट नऊ इंच, म्हणजे २०६ सेंटीमीटर असूनही पॉइंट गार्ड होता, हे खरं. पण या खेळात तसा माणूस घडवायचा म्हणजे वेगळीच तपश्चर्या, आणि नवीन क्लबने त्या नादाला लागू नये.

तिसरं ‘पोटेन्शियल’. खेळाडू कुठवर जाऊ शकतो याचा हा शिक्का. अगदी तळाला ‘अनाउन्सर’, मग ‘बेंच वॉर्मर’, वर जात जात ‘ऑलस्टार’, ‘सुपरस्टार’, ‘एमव्हीपी’, ‘हॉल ऑफ फेमर’ आणि टोकाला ‘ऑल-टाइम ग्रेट’. आपल्या मर्यादेच्या जवळ आला की खेळाडूचं शिकणं फार मंदावतं. म्हणून ‘रोल प्लेयर’ शिक्क्याच्या पोरावर चार हंगाम घालवणं म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर बसवणं. पण दुसरं टोकही गाठू नका. ‘एमव्हीपी’ वगैरे शिक्का असलेली पोरं लिलावात तोंडात मारल्यासारखी महाग जातात, आणि तो शिक्का पूर्ण वसूल करायला लागणारे आठवडे पहिल्या क्लबात कुणाकडे नसतात. ‘ऑलस्टार’च्या आसपासचं, सुरुवातीची कौशल्यं बरी असलेलं पोरगं नवीन माणसाला परवडतं.

क्रम कसा लावायचा

आता एक उदाहरण धरू. समजा पोरगं १८ वर्षांचं, १८५ सेंटीमीटर. जंप शॉट ६, जंप रेंज ५, आउटसाइड डिफेन्स ५, हँडलिंग ५, ड्रायव्हिंग ४, पासिंग ४, इनसाइड शॉट ३. ड्राफ्टमधून असं पोरगं मिळालं तर नशीब चांगलं म्हणायचं.

मी सुरुवात वन-ऑन-वनने करेन. कारण एका दगडात दोन पक्षी : ड्रायव्हिंग आणि हँडलिंग दोन्ही वाढतात, शिवाय शूटिंगलाही थोडा हातभार लागतो. ही दोन्ही ७ च्या घरात आली की थांबायचं. इथे खेळातला एक बारकावा समजून घ्यायला हवा, ज्याला जुने खेळाडू ‘इलॅस्टिक’ म्हणतात, म्हणजे रबराचा परिणाम. एकमेकांशी नातं असलेली कौशल्यं रबराने बांधल्यासारखी असतात. मागे राहिलेलं कौशल्य पुढच्याच्या ओढीने भरभर वर येतं. उलट एकच कौशल्य फार पुढे नेलं तर बाकीची त्याला मागे खेचतात. म्हणून जंप शॉट ६ वरून थेट १२ ला न्यायचा हट्ट महागात पडतो. तोच आठवडा मागे पडलेल्या भावंडावर घातला तर जास्त मिळतं.

मग प्रेशर. एका जागेचं, पॉइंट गार्ड. इथे घाई नको, हा या सगळ्या योजनेचा गाभा आहे. १९व्या, २०व्या वर्षातले बरेचसे आठवडे मी आउटसाइड डिफेन्सला देईन, मध्ये मध्ये पासिंगचे आठवडे पेरून. पासिंगबरोबर हँडलिंगलाही थोडं खत मिळतं. आउटसाइड डिफेन्स १० च्या पुढे गेलं की त्या पोराला खालच्या लीगमध्ये कुणीही पटकन ओलांडत नाही.

जंप शॉट त्यानंतर. जंप शॉटच्या सरावात रेंजही थोडी वाढते, त्यामुळे निव्वळ रेंजचे आठवडे शेवटी, गरज पडली तर. तुमचा संघ बाहेरून खेळणारा असेल (मोशन, रन अँड गन) तर रेंजवर जास्त खर्च करा. ‘लूक इनसाइड’ खेळणार असाल, म्हणजे चेंडू आत सेंटरकडे द्यायचा, तर पॉइंट गार्डच्या रेंजपेक्षा त्याचं पासिंग आणि हँडलिंग कामी येतं. अनेक क्लबांत उलटं चित्र दिसतं : डावपेच आतले आणि गार्ड बाहेरचे. दोन्ही चांगले असून हरतात आणि इंजिनला शिव्या घालतात.

आणि एक गोष्ट, जी ऐकून नवीन माणूस हसतो. गार्डला थोडा इनसाइड शॉट आणि इनसाइड डिफेन्सही शिकवा. यामागे पैशाचं कारण आहे. खेळाडूचा पगार त्याच्या कौशल्यांवरून ठरतो, पण सगळ्या जागांचा हिशोब करून ज्या जागेला सर्वात जास्त येईल तो आकडा धरला जातो. गार्डच्या पगारात गार्डच्या कौशल्यांचं वजन मोठं. म्हणजे त्याचा इनसाइड शॉट ३ वरून ६ वर गेला तर मैदानावर उपयोग होतो, रबराच्या नात्याने जंप शॉटलाही आधार मिळतो, आणि पगारपत्रकात मात्र ते फारसं उमटत नाही. अडचण एवढीच की हे शिकवायला त्याला सेंटरच्या जागेवर खेळवावं लागतं. १८५ सेंटीमीटरचं पोरगं सेंटर! तो सामना हातचा गेला असं समजूनच उतरायचं.

पगाराचं आणखी एक. तो दर आठवड्याला बदलत नाही, हंगाम बदलताना एकदम नव्याने ठरतो. १४ आठवडे तुम्ही जुन्या पगारात सुधारलेला गार्ड वापरता, आणि नवीन हंगामाच्या पहिल्या दिवशी बिल येतं. तीन पोरं एकाच वेळी घडवली असतील तर तिघांचं एकदम. हंगाम संपायच्या दोन आठवडे आधी कागद-पेन घेऊन पुढच्या पगाराचा अंदाज काढला नाही, तर तिकिटाचे पैसे पुरत नाहीत आणि मग मारून मुटकून कुणाला तरी पडेल त्या भावात विकावं लागतं. कोचकडेही लक्ष असू द्या. वरच्या पातळीचा कोच घेतला की ट्रेनिंगचा वेग वाढतो, पण त्याचा पगार आठवड्यागणिक चढत राहतो. एका टप्प्यावर त्याला बदलून त्याच पातळीचा नवा आणणं स्वस्त पडतं.

सामना की शिकवणी

खरी ओढाताण इथे आहे. आठवड्याच्या तीन मॅचपैकी दोन लीगच्या, तिसरी चषकाची, किंवा चषकातून बाहेर पडला असाल तर सरावाची. सरावाच्या मॅचचा निकाल कुणी विचारत नाही, तिथे सर्वात कच्चं पोरगं पूर्ण ४८ मिनिटं बिनधास्त खेळवा. त्याच्या जागी बदली खेळाडू म्हणून दुसऱ्याचं नाव देऊ नका, नाहीतर कोच मध्येच त्याला बसवतो आणि ४१ मिनिटांवर गाडी अडकते.

प्रश्न उरतो लीगच्या दोन मॅचचा. एका जागेच्या ट्रेनिंगमध्ये उरलेल्या दोघांना तिथेच खेळायचं असतं, तेही पूर्ण वेळ. लीगमध्ये १६ संघ, आठ-आठचे दोन गट, २२ सामने. १८ वर्षांच्या पोराला २८ वर्षांच्या गार्डसमोर आठवड्यातून दोनदा उभं केलं तर पॉइंट टेबलवर खाली जायला वेळ लागत नाही. खालची लीग म्हणजे कमी उत्पन्न, कमी उत्पन्न म्हणजे कोच कमी पातळीचा, की पुन्हा ट्रेनिंग मंद.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे तिघांची वयं वेगळी ठेवायची. एक १८-१९ चा, तो सरावाच्या मॅचला. एक २१ च्या आसपासचा, तो लीगमधल्या सोप्या प्रतिस्पर्ध्यासमोर. आणि एक २३-२४ चा, जो आताच तुमचा सर्वोत्तम गार्ड आहे, तो अवघड सामन्याला. मोठ्याचं शिकणं हळू असेल, पण सामना हातचा जात नाही. दोन वर्षांत मोठा विकायचा, मधला त्याच्या जागी, धाकटा मधल्याच्या जागी, आणि ड्राफ्टमधून किंवा लिलावातून नवा धाकटा. शेतात फेरपालट करतात तसंच हे. तिन्ही १८ वर्षांचे घेऊन एकदम मोठं करायची हौस असेल तर एक-दोन हंगाम खालच्या लीगमध्ये काढायची मनाची तयारी आणि बँकेत शिल्लक, दोन्ही हवं. तसं करणारेही आहेत आणि त्यांच्यातल्या काहींची पोरं आपापल्या देशाच्या २१ वर्षांखालच्या संघात जातात. या राष्ट्रीय संघांचे मॅनेजर खेळणाऱ्यांच्या मतदानाने निवडले जातात आणि ते चांगल्या पोरांच्या मालकांना संदेश पाठवून अमुक ट्रेनिंग लावा अशी विनंतीही करतात. ऐकायचं की नाही हे तुमच्या तिजोरीवर.

रोजच्या कामात एक सवय लावून घ्या : वही. खेळ तुम्हाला पूर्ण आकडा दाखवतो, अपूर्णांक दाखवत नाही. आउटसाइड डिफेन्स ७ म्हणजे नुकतंच चढलेलं ७ की ८ च्या उंबरठ्यावरचं ७, ते स्क्रीनवर कळत नाही. पण प्रत्येक शुक्रवारी कुणाला कुठलं ट्रेनिंग, किती मिनिटं आणि काय चढलं एवढं लिहून ठेवलंत तर दोन-तीन महिन्यांत आपल्या कोचचा, आपल्या पोरांचा वेग कळतो. एखादं ट्रेनिंग बदलायचं झालं तर पायरी चढल्या चढल्या बदला. अर्धवट सोडलेलं काम कुठे जात नाही, आत जमा राहतं, फक्त ते दिसत नसल्याने पोरगं विकायचं झालं तर त्याची किंमत कुणी देत नाही.

विकायचं कधी? पोटेन्शियलच्या जवळ आला आणि दोन-तीन हंगामांपूर्वीच्या वेगाच्या निम्म्यानेही शिकेना, की त्याच्यावर ट्रेनिंगची मिनिटं घालवण्यात अर्थ नाही. त्याला तसाच खेळवायचा असेल तर त्याला शूटिंग गार्डवर सरकवा आणि पॉइंट गार्डची मिनिटं धाकट्याला मोकळी करा. विकायचा असेल तर नवीन पगार लागू व्हायच्या आधी की नंतर, हे घेणारेही बघत असतात. आणि नुकताच विकत घेतलेला खेळाडू लगेच विकायला काढलात तर एजंट मोठा वाटा कापून घेतो, हे किंमत ठरवताना धरा.